टायरमधलं दूध

सायकलच्या टायरमध्ये दूध असतं हे मला मुलगी शिकायला पुण्याला गेल्यानंतर कळलं. तोपर्यंत टायरमध्ये ट्यूब असते, ट्यूबमध्ये हवा असते आणि हवा गेली की पंक्चरवाला असतो, एवढंच मला ठाऊक होतं आणि तेवढ्यावर माझं कधी अडलं नव्हतं.

मुलगी गेली आणि आमचं पालघरचं दोन खोल्यांचं घर उगाचच मोठं वाटायला लागलं. त्याच सुमारास ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सायकल घेतली. हे बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात देखभाल विभागात आहेत. उंच टाक्या, त्यांच्यावर चढणाऱ्या लोखंडी शिड्या, वरचे पाइप हे त्यांचं काम. मी बोईसरलाच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेते. सकाळी हे कंपनीच्या बसने जायचे, मी एसटीने. कारखान्यातल्या एका मित्राला सायकलचं वेड होतं. रविवारी तो आणि आणखी चार-पाच जण पहाटे मनोरच्या रस्त्याला वाघोबाच्या खिंडीपर्यंत जायचे आणि तिथून जंगलातल्या वाटांवर शिरायचे. त्याने ह्यांनाही ओढलं.

सायकल डोंगरात चालवायची, जाड टायरची. पहिल्याच महिन्यात तिला दोनदा बोरीचे काटे लागले आणि दोन्ही वेळा हे सायकल हाताने ढकलत, उन्हाने लाल होऊन घरी आले. मग मित्राच्या सांगण्यावरून त्यांनी तिचे टायर ट्यूबलेस करून घेतले. घरी आल्यावर चाक माझ्या कानाशी हलवून दाखवलं. आत खळखळ असा आवाज येत होता.

"ह्यात ट्यूबच नाही," हे म्हणाले. "नुसतं दूध आहे. म्हणजे रबराचा चीक. काटा घुसला की हवेबरोबर चीकही भोकाशी येतो आणि तिथेच घट्ट होतो."

"खपली धरते तसं," मी म्हटलं. आमच्या लॅबमध्ये दिवसभर तेच बघायचं असतं.

त्यांना ते इतकं आवडलं की पुढे येईल त्याला ते खपलीचंच सांगायला लागले. पण त्या दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. ही सायकल चालवत राहावी लागते. उभी ठेवली की सगळा चीक खाली एका जागी जमतो आणि तिथेच सुकून जातो. आपल्या इथल्या उकाड्यात तर फारच लवकर.

खरं सांगायचं तर ती सायकल कधीच फार चालली नाही. सुरुवातीचे काही रविवार उत्साहात गेले. मग कधी रात्रपाळी, कधी कुणाचं लग्न, कधी कारखाना बंद ठेवून दुरुस्तीचं काम चाललेला आठवडा. महिन्यातून एखाद्या रविवारी ती गॅलरीतून खाली उतरायची. बाकीचे दिवस तिच्या हँडलला कांद्याची पिशवी लटकलेली असे. मी लटकवायची आणि हे काढून ठेवायचे.

मग ती सकाळ आली. हे दात घासत होते आणि मी स्वयंपाकघरात डबे भरत होते. बेसिनवर काहीतरी जोरात आपटल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर दोन्ही हातांनी बेसिन घट्ट धरून, डोळे मिटून हे उभे. "घर फिरतंय," एवढंच म्हणाले आणि तिथेच ओकले. मी त्यांना खाली बसवलं. बसवलं तरी ते भिंत सोडेनात. डोळे उघडले की बुबुळं एका बाजूला झटके खात सरकायची. माझ्या मनात अर्धांगाचंच आलं. दोन्ही हात वर करायला लावले, हसायला लावलं, मुलीचं नाव विचारलं. सगळं नीट करत होते, पण डोकं जरा हललं की पुन्हा ओकारी. शेजाऱ्यांनी गाडी काढली. त्या गाडीत मागच्या सीटवर आडवे झालेले हे माझा हात असा धरून होते, जणू सोडला तर कुठेतरी पडतील.

दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. मेंदू ठीक होता. कानाच्या आत तोल सांभाळणारी जी नस असते तिला सूज आली होती. डॉक्टर म्हणाले, "घाबरायचं कारण नाही. एका बाजूचा तोल गेलाय. मेंदू हळूहळू दुसऱ्या बाजूवर काम चालवायला शिकेल. वेळ लागेल."

किती वेळ, ते कुणी सांगितलं नाही. भेटायला येणारे म्हणायचे, "चक्कर ना? लिंबूपाणी देत जा." मराठीत ह्या दुखण्याला शब्द नाही हा मोठाच घोटाळा आहे. चक्कर म्हटलं की माणसाला वाटतं उपास केला असेल. हे मात्र पहिले काही दिवस संडासापर्यंत भिंतीला धरून जात होते. पुढे चालणं जमलं, पण डोकं झटकन वळवलं की पाय जागा सोडायचे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी व्यायाम दिले. हाताचा अंगठा समोर धरून त्याच्यावर नजर ठेवायची आणि मान इकडून तिकडे हलवायची. पॅसेजमधल्या फरशीच्या रेघेवर टाचेला अंगठा लावत चालायचं. आयुष्यभर उंच शिड्या चढलेला माणूस फरशीच्या रेघेवर चालताना हात पसरत होता. मी तेव्हा स्वयंपाकघरात काम काढून बसायची, समोर उभी राहायची नाही.

कारखान्यात रुजू झाले तेव्हा त्यांना उंचीची कामं बंद केली. ते योग्यच होतं. स्टोअरमध्ये टेबल दिलं, पंखा दिला. घरी आले की म्हणायचे, "आराम आहे." त्यापुढे काही नाही.

गॅलरीतली सायकल ह्या सगळ्यात विसरलीच होती. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. एका रविवारी तो सायकलवाला मित्र भेटायला आला. चहा घेऊन गॅलरीत गेला आणि तिथूनच म्हणाला, "अरे, दोन्ही टायर बसलेत की!"

टायर नुसते बसले नव्हते, रिमपासून सुटून कुत्र्याच्या कानासारखे लोंबत होते. त्याने चाक हलवून कान लावला. काहीच आवाज नाही.

"सुकलं सगळं," तो म्हणाला. "मी सांगू? तू आता ट्यूब टाकून घे. हे ट्यूबलेसचं लफडं रोज चालवणाऱ्याने करावं. उभ्या सायकलला ट्यूबच बरी. हवा गेली तर गेली, भरली की झालं."

"बरोबर आहे," मी म्हणाले. मला ते खरोखरच पटलं होतं. कुठल्याही गृहिणीला पटलं असतं.

मित्र गेल्यावर मी कपबश्या विसळायला घेतल्या तेव्हा हे मागे येऊन उभे राहिले.

"ट्यूबच टाकायच्या असतील तर विकून टाकू," म्हणाले.

"का? सायकल तीच राहते ना?"

"तीच राहते. पण मग सगळ्यांना कळलं ना, की आता ही उभीच राहणार. त्याला कळलं. तुलाही कळलं."

मी नळ बंद केला. मित्राचा सल्ला चांगला होता आणि चांगल्या मनाने दिलेला होता, ह्यात शंका नाही. पण तो ऐकताना ह्यांना काय ऐकू आलं ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी काही समजूत घातली नाही. समजुतीला ते कंटाळले होते. रात्री मुलीला फोन केला आणि म्हटलं, ते टायरमध्ये घालायचं दूध मिळतं ना, त्याची एक बाटली मागवून दे.

बाटली आली तेव्हा ह्यांनी ती उलटसुलट करून वाचली आणि म्हणाले, "हे करायला वाकावं लागतं. चाक खोलायला डोकं खाली घालावं लागतं. मला नाही जमायचं."

"तुम्ही खुर्चीवर बसा आणि सांगा," मी म्हटलं. "हात माझे."

रविवारी गॅलरीत जुनी चादर अंथरली. चाकं सुटी करण्यापासून सगळं मी केलं आणि हे भिंतीला पाठ लावून, खुर्चीत ताठ बसून सांगत राहिले. टायर रिमवरून उतरवला तर आत अमोनियाचा वास आणि एका बाजूला पिवळट, रबरी सायीचा थर. अधूनमधून गोळे. फणस चिरल्यावर विळीला चिकटून वाळलेला चीक असतो ना, तसंच. एक टोक धरून ओढलं की सबंध पापुद्रा निघून यायचा. मला त्यात मजा यायला लागली. हवा भरायच्या बारीक नळीतही तोच गोळा अडकून बसला होता. तो मी लॅबमधून आणलेल्या जाड सुईने कोरून काढला.

"हळू," हे म्हणाले. "व्हॉल्व्ह आहे तो, शीर नाही."

कित्येक महिन्यांनी त्यांनी केलेला तो पहिला विनोद होता.

पण टायर परत बसवला आणि हातपंपाने हवा मारायला लागले तर टायर काही रिमला धरेना. मी दम लागेपर्यंत पंप मारला, हवा कडेकडेने निघून जात होती. साबणाचं पाणी लावून पाहिलं, फक्त फेस झाला. हे म्हणाले, "एकदम दाबाने हवा गेली पाहिजे. कॉम्प्रेसर लागेल."

म्हणून आम्ही दोन्ही चाकं रिक्षात घालून मोटरसायकलचे टायर बघणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदार उत्तरेकडचा, हसरा माणूस. चाक हातात घेऊन म्हणाला, "साइकिल में ट्यूबलेस? दीदी, मैं तो पहली बार देख रहा हूँ. फट गया तो मेरी जिम्मेदारी नहीं."

"फटेगा नहीं," हे म्हणाले आणि खिशातून पितळेची एक लहानशी टोपी काढली. ती लावली की बारीक नळीवरही कॉम्प्रेसरचा पाइप बसतो. घरून निघताना कधी खिशात टाकली होती कोण जाणे. दुकानदाराने पाइप लावला, घोडा दाबला. टायर फुगला आणि 'फट्ट' असा बंदुकीसारखा आवाज झाला. मी किंचाळले. समोरच्या पानवाल्याकडचे दोघे धावत आले. दुकानदार चार पावलं मागे. फक्त हे हसत होते. टायरची कड रिममध्ये जाऊन बसली की असाच आवाज होतो, हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी मुद्दाम सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या चाकाच्या वेळी दुकानदाराने पानवाल्यालाही बोलावून घेतलं. आवाज झाल्यावर दोघांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर व्हॉल्व्हच्या आतली पिन काढून सिरिंजने लहान वाटीभर दूध प्रत्येक चाकात भरलं. ते काम मी आयुष्यभर करत आल्यासारखंच वाटलं, फक्त उलटं. एरवी मी काढून घेते, इथे घालत होते. हवा भरली, चाकं सायकलला लावली आणि सायकल उलटी करून हँडल व सीटवर उभी केली.

"आता फिरव," हे म्हणाले. "जोरात. दूध आतून सगळीकडे लागलं पाहिजे. आणि आठवड्यातून एकदा तरी असंच फिरवायचं, म्हणजे सुकणार नाही."

मी चाकाला हात मारला. आरे दिसेनासे झाले. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वळून बघते तर ह्यांनी तोंड भिंतीकडे केलेलं, कपाळावर घाम.

"थांबव," म्हणाले. "बघवत नाही. मीच फिरतोय असं वाटतं."

मी चाक धरून थांबवलं. मग मी म्हटलं, "तुम्ही तसेच बसा. मी फिरवते."

तेव्हापासून दर रविवारी आंघोळीआधी मी गॅलरीत जाऊन चाकं फिरवायला लागले. हे चाकाकडे पाठ करून बसायचे आणि ऐकायचे. आवाजावरून त्यांना दूध किती उरलंय ते कळायचं. न चालणाऱ्या सायकलचं चाक फिरवणाऱ्या बाईला शेजारीण दोन-तीन वेळा बघून गेली. शेवटी तिने विचारलंच, "वहिनी, नवस आहे का काही?"

मी हसून "हो" म्हटलं. खरं उत्तर फार लांबलं असतं.

मधल्या एका खेपेला, ह्यांना फिरतं चाक बघवत नाही हे मी फिजिओथेरपिस्ट बाईंना सांगितलं, तक्रार म्हणून. त्या म्हणाल्या, "अहो, मग तेच बघू द्या की त्यांना. अगदी थोडं. हळू फिरवा आणि घाम यायच्या आत थांबा. रोज जरा वाढवा." म्हणजे जे टाळत होतो तेच औषध निघालं. हे आधी तयार होईनात. मग एका रविवारी म्हणाले, "फिरव बघू, पण अगदी सावकाश."

मी इतकं सावकाश फिरवलं की एकेक आरा मोजता आला असता. ते बघत राहिले. मग डोळे मिटले, खुर्चीचे हात धरले, पुन्हा उघडले. पुढे रविवारचं रोज झालं. संध्याकाळी कामावरून आले की पाच-दहा मिनिटं चाक. कधी बरं वाटायचं, कधी जेवण जात नसे. चढउतार खूप होते आणि उतार आला की मला वाटायचं, आपण उगाच ह्यांना छळतोय. पण एक दिवस मी लॅबमधून आले तर गॅलरीत दिवा होता आणि हे एकटेच, उभे राहून, स्वतःच्या हाताने चाक फिरवत होते. मी चप्पल न वाजवता आत गेले.

आता वाचणाऱ्याला वाटेल की पुढे ते सायकलवर बसले आणि सगळं सुरळीत झालं. तसं नाही झालं. बसले ते खरं. सोसायटीच्या आवारात, मी कॅरिअर धरायचं म्हणून मागे, तर त्या सायकलला कॅरिअरच नाही. चार पायडल नीट गेली. फाटकाशी आल्यावर मागून गाडी येतेय का ते बघायला त्यांनी मान वळवली आणि सायकलसकट बाजूच्या कुंड्यांवर गेले. कोपर सोललं, एक कुंडी फुटली. वॉचमन धावला, वरच्या मजल्यावरून दोघी-तिघींनी "काय झालं?" केलं. हे उठले, फुटलेल्या कुंडीचे तुकडे स्वतः गोळा केले आणि वर येऊन म्हणाले, "विकून टाक."

ह्या वेळी मी वाद घातला नाही आणि विकलीही नाही. बरेच दिवस सायकलचा विषय कुणी काढला नाही. चाकं मात्र मी फिरवत राहिले. मग एका सकाळी, हे रोजच्यासारखे फिरायला निघाले होते, मला एकदम वाटलं आणि मी बोलून गेले, "सीट खाली करून द्या. मी चालवते."

"तुला येते?"

"शाळेत असताना वडिलांची चालवायचे. दांड्याखालून पाय घालून."

"ही तशी चालत नाही," ते म्हणाले. पण पाना आणायला गेले.

पहिले काही दिवस मी आवारातच धडपडले. सलवारीचा पाय मोज्यात खोचून, दात ओठ खाऊन. ब्रेक इतके कडक की जरा दाबला तर मीच पुढे जायची. हे आता शिकवणारे झाले होते. "समोर बघ, चाकाकडे नको. खांदे सैल सोड. अगं, घंटी वाजवायची ती, तोंडाने 'ओ, ओ' काय करतेस?" त्यांचा आवाज सगळ्या सोसायटीत ऐकू जायचा. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

मग आम्ही सकाळी बरोबर निघायला लागलो. पालघरजवळच्या माहीम गावाच्या रस्त्याला हे चालत आणि मी सायकलवर. मी पुढे जायची, एखाद्या वळणावरून परत यायची, त्यांच्याबरोबर थोडं हळू चालवायची, पुन्हा पुढे. त्या वेळी रस्त्याला वाहतूक फार नसते. दुधाच्या मोटारसायकली, पालघरच्या बाजाराला मासळी घेऊन निघालेल्या रिक्षा, एखादी एसटी.

अशाच एका सकाळी मी बरीच पुढे गेले होते. रस्त्याच्या कडेला कुणीतरी कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या तोडून टाकल्या होत्या. त्या मला दिसल्या तेव्हा चाक त्यांच्यावर गेलेलंच होतं. फुस्स असा आवाज झाला आणि प्रत्येक फेऱ्याला पांढऱ्या तुषारांची एक रेघ माझ्या सलवारीवर, कमीजवर, हातावर. मी घाबरून उतरले. पुढच्या टायरमध्ये बोटाच्या पेराएवढा काटा आणि त्याच्या कडेने दूध उडत होतं. मला सुचलं ते मी केलं, म्हणजे काटा ओढून काढला. दूध आणखी जोरात उडायला लागलं.

समोरून येणारी एक रिक्षा थांबली. आत मासळीच्या टोपल्या आणि एक थोराड कोळीण. तिने मान बाहेर काढली.

"काय झाला गं बाय? दूध सांडला काय?"

"सायकलमधून येतंय," मी म्हटलं.

"सायकलमधी दूध?" ती रिक्षातून उतरलीच. "अगो, ही सायकल हाय का म्हस?"

एवढ्यात हे आले. मी त्यांना लांबून येताना पाहिलं नव्हतं, पण ते चालत आले नव्हते हे नक्की, कारण त्यांना बोलायला श्वास नव्हता. त्यांनी मला हाताने बाजूला केलं, पुढचं चाक उचललं आणि भोक जमिनीकडे येईल असं फिरवून धरलं. "दूध खाली जमतं," धापा टाकत म्हणाले. "भोक खाली पाहिजे." पांढरे बुडबुडे आले, मग बारीक बुडबुडे, मग नुसता ओला ठिपका. आवाज थांबला. त्यांनी बोट लावून पाहिलं, चाक एकदा फिरवलं, पुन्हा पाहिलं.

"बंद झाला?" कोळीण म्हणाली.

"झाला."

"आता गं बाय! आमच्या होडीला असा कायतरी गावला तर सांगा. आमी सारा जन्म भोकाच बुजवतू."

ती हसत रिक्षात बसली आणि जाता जाता तिने दोन बांगडे पिशवीत घालून माझ्या हातात दिले. कशाबद्दल, ते मला अजून कळलेलं नाही. करमणूक झाली म्हणून असेल.

ह्यांनी पाठीवरच्या पिशवीतून छोटा पंप काढला आणि हवा भरली. पंप रोज बरोबर असायचा हेही मला तेव्हाच कळलं. सगळं झाल्यावर ते सायकलचं हँडल धरून उभे राहिले. रस्ता समोर सरळ होता, दोन्ही बाजूंना वाड्या, मागेपुढे कुणी नव्हतं.

"मी नेतो घरापर्यंत," म्हणाले. "सरळच आहे."

"सीट खाली आहे."

"असू दे."

गुडघे छातीशी येत होते तरी ते बसले आणि निघाले. मी मासळीची पिशवी घेऊन मागून जवळजवळ पळत होते. ते एकदाही मागे वळून बघत नव्हते. मला ठाऊक होतं, की वळून बघता येत नाही म्हणून. तरी मी मागून ओरडत राहिले, "गाडी नाही! काही नाही! चला!" त्यांचा तोल दोनदा गेला आणि दोनदा त्यांनी पाय टेकवला. आमच्या वळणाशी ते उतरले आणि माझी वाट बघत उभे राहिले. चेहरा घामाने भिजलेला. तेच म्हणाले, "आरसा लावून घेऊ हँडलला. मान वळवायचं कामच नाही."

आरसा लावला. मोटारसायकलचा, थोडा मोठाच दिसतो. त्या आरशाच्या जोरावर ते आता चालवतात. जंगलात नाही, खिंडीत नाही, गर्दीतही नाही. सकाळच्या मोकळ्या, सरळ रस्त्याने, आणि तब्येत बरी असेल त्या दिवशी. उंचीची कामं परत मिळाली नाहीत. मिळणारही नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात दूध पुन्हा सुकलं. या खेपेला पुढच्या रिमच्या आतली पट्टी सुटली होती आणि काही केल्या हवा थांबेना. तेव्हा हे स्वतःच म्हणाले, "पुढे ट्यूब टाकू. मागे दूध राहू दे." आधी ज्या गोष्टीवरून सायकल विकायला निघाले होते, ती त्यांनी अशी सहज बोलून टाकली. मी आश्चर्य दाखवलं नाही.

माझ्यासाठी आम्ही एक साधी सायकल घेतली, जुनीच, पुढे टोपली असलेली. तिच्या दोन्ही चाकांत ट्यूब आहेत. मागच्या हिवाळ्यात एका आडवारी, मला सुट्टी होती, आम्ही केळव्याला निघालो. शनिवार-रविवारी तिथे मुंबईच्या गाड्या असतात, आडवारी रस्ता आपला असतो. केळव्याच्या अलीकडे माझ्या सायकलचं मागचं चाक बसलं. खपली नाही, काही नाही, सरळ पंक्चर. पंक्चरवाल्याच्या दुकानाला कुलूप होतं. शेजारच्या घरातली बाई म्हणाली, "जेवायला गेलाय, येईल. बसा."

आम्ही दुकानापुढच्या बाकावर बसलो. वाडीतून पाटाचं पाणी सोडलं होतं, सुपारीच्या बुंध्यांतून त्याचा आवाज येत होता. शेजारच्या बाईने शहाळी फोडून दिली. ह्यांनी शहाळं संपवलं आणि आपण होऊन बोलायला लागले. पहिल्या सकाळी बेसिन धरून उभे असताना आपल्याला काय वाटलं ते. टाकीवर चढताना पूर्वी कधी भीती वाटली नव्हती आणि आता स्टोअरमध्ये बसून खिडकीतून दुसरा कुणी चढताना दिसला की हाताला घाम येतो, ते. स्टोअरमधल्या टेबलाचा पहिल्यांदा किती राग आला होता आणि आता तिथल्या मुकादमाशी कशी दोस्ती झालीय, ते. इतकी वर्षं एका घरात राहतोय, मी रोज माणसांच्या शिरा शोधत असते आणि ह्यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं.

पंक्चरवाला आला तेव्हा आम्हाला बघून ओशाळला. "लय वेळ बसलाव काय?"

"नाही हो," हे म्हणाले. "सावकाश करा."

त्याने ट्यूब काढली, पाण्याच्या घमेल्यात बुडवली आणि बुडबुडे कुठून येतात ते आम्ही तिघं वाकून बघायला लागलो.